परचरित्र आणि आपलें भवितव्य

प्रतिवर्षीं परीक्षेचे निकाल लागले म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येऊं लागतो : "आतां पुढें काय?" नवलाची गोष्ट अशी कीं, प्रश्न शेंकडों घरांत विचारला जातो, पण उत्तरें मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच निघतात. कोणास डॉक्टर व्हावयाचें असतें, कोणास इंजिनियर, कोणास सरकारी अधिकारी. यांपैकीं कोणताही व्यवसाय वाईट आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु मुलानें हें उत्तर आणलें कोठून, याचा थोडा खोल शोध केला, तर बहुधा असें आढळतें कीं, शेजारच्या आळींतील कोणाचा तरी मुलगा त्या वाटेनें गेला, त्यानें घर बांधलें, मोटार घेतली, आणि ती मोटार एके दिवशीं यांच्या दारावरून गेली. म्हणजे कित्येक मुलांच्या भवितव्याचा निर्णय आईबापांनीं किंवा शिक्षकांनीं केलेला नसून एका मोटारीनें केलेला असतो.

दुसऱ्याचें पाहून आपलें ठरविण्यांत कमीपणा आहे असें नव्हे. मनुष्य दुसरें करील तरी काय? पुढचें आयुष्य कोणासच दिसत नाहीं. जें जगून झालें आहे तेंच काय तें डोळ्यांपुढें असतें. आणि विद्यार्थ्यापाशीं स्वतःचें असें आयुष्य अवघें पंधरासोळा वर्षांचें, तेंही बहुतेक शाळेच्या बाकावर गेलेलें. तेव्हां दुसऱ्यांच्या आयुष्यांकडे पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. प्रश्न एवढाच उरतो कीं, त्यांत पाहावयाचें काय? मोटार पाहणारानें त्या मुलाच्या प्रवासाचें शेवटचें स्टेशन तेवढें पाहिलें. थोरांचीं चरित्रें वाचणारांचीही पुष्कळदां हीच गत होते. जन्म, गरिबी, कष्ट, कीर्ति, असे चार टप्पे पाठ होतात, निबंधांत उतरतात आणि वाचणाराचें स्वतःचें आयुष्य होतें तेथेंच राहतें.

म्हणून परचरित्र वाचावें कसें, हें एक खरें चरित्र समोर ठेवून आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस दाखवावें, असें आम्हीं योजिलें आहे. चरित्र निवडलें आहे तें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें. त्यांनीं आपली हकीकत 'आत्मवृत्त' या नांवानें १९१५ सालीं स्वतःच लिहून ठेविली, आणि तींत आपला लाजाळूपणा व आपले फसलेले बेत लपविले नाहींत, हें एक कारण. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. कर्व्यांनीं स्वतः दुसऱ्यांचीं आयुष्यें व कामें पाहून आपला मार्ग एकदां नव्हे, अनेकदां बदलला.

बहुतेक शाळांतून त्यांची तसबीर असते. पांढरी दाढी, कृश शरीर, शांत डोळे. १९५८ सालीं, वयाला शंभर वर्षें पुरीं झालीं असतां, त्यांस 'भारतरत्न' मिळालें, व १९६२ च्या नोव्हेंबरांत ते वारले. मुलांना जे कर्वे ठाऊक असतात ते हे शंभर वर्षांचे. आमची विनंती अशी कीं, ही तसबीर क्षणभर भिंतीकडे तोंड करून ठेवावी आणि सतरा वर्षांच्या एका पोराकडे पाहावें.

हें पोर कोंकणांतील मुरूडचें. त्या काळीं सरकारी खात्यांत लहानमोठी जागा मिळण्यास उपयोगी पडणारी 'पब्लिक सर्व्हिस' परीक्षा असे. १८७५ सालीं ती साताऱ्यास व्हावयाची होती. मुरूडाहून सातारा म्हणजे शंभर मैलांहून अधिक अंतर, मध्यें सह्याद्रि उभा, आणि दिवस पावसाळ्याचे. धोंडू व त्याचे सोबती सामान पाठीस बांधून पायीं निघाले आणि घाट चढून साताऱ्यास पोंचले. तेथें अधिकाऱ्यानें धोंडूकडे पाहिलें. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षें पुरीं पाहिजेत असा नियम होता. तीं पुरीं झालेलीं होतीं. पण अंगकाठी इतकी लहान कीं, अधिकाऱ्यास तें खरें वाटेना. त्यानें परवानगी नाकारली. आल्या पावलीं परत.

ही गोष्ट चरित्रांत वाचतांना आपल्याला फारसें दुःख होत नाहीं. कां होत नाहीं? पुढचीं पानें आपल्याला माहीत असतात म्हणून. 'झालें तें बरेंच झालें, नाहीं तर कर्वे कोठेंतरी कारकून झाले असते,' असें आपण सहज म्हणून जातों. परंतु साताऱ्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलापाशीं तीं पानें नव्हतीं. त्याच्यापाशीं होते दुखणारे पाय, संपत आलेले पैसे आणि घरीं जाऊन काय सांगावें ही चिंता. शेवट ठाऊक धरून चरित्र वाचलें म्हणजे त्यांतील प्रत्येक अडचण शोभेची होते. तीपासून कांहीं शिकतां येत नाहीं. पुस्तक त्या पानावर मिटावें आणि स्वतःस विचारावें : मी येथें असतों तर काय केलें असतें? आणखी एक विचार याच ठिकाणीं करण्यासारखा आहे. कष्टानें दूरवर जाऊन निराश होऊन परतलेलीं मुलें त्या काळीं कर्व्यांखेरीज दुसरीं पुष्कळ असतील. चरित्र लिहिलें गेलें तें एकाचें. 'अडचण आली कीं मागाहून यश येतेंच' असा सिद्धांत त्यावरून काढणें म्हणजे सोडतींत बक्षीस लागलेल्या एकाच मनुष्यास विचारून तिकिटें विकत घेण्यासारखें आहे.

आतां वर्षांचा हिशेब पाहूं. आमच्या मतें चरित्र वाचतांना एक कोरा कागद जवळ असावा व त्यावर सनावळीसमोर वय लिहीत जावें. कर्वे मॅट्रिक झाले १८८१ सालीं, वय तेवीस. बी. ए. झाले १८८४ सालीं, वय सव्वीस. फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले १८९१ सालीं, वय तेहेतीस. ज्या कामानें त्यांचें नांव झालें तो विधवांचा आश्रम १८९६ चा. तेव्हां ते अडतीस वर्षांचे होते. स्त्रियांचें विद्यापीठ १९१६ चें. वय अठ्ठावन, म्हणजे ज्या वयांत आपले लोक पेन्शनीचे कागद नीट लावून ठेवतात तें. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं. आज एखाद्या मुलाचें एक वर्ष फुकट गेलें तर घरांत सुतक पडल्यासारखें होतें. हा कागद त्या घरच्या भिंतीवर लावावा. अर्थात् तेविसाव्या वर्षीं मॅट्रिक व्हावें असा याचा अर्थ कोणी करूं नये. इंग्रजी शिक्षणाची सोय जवळ नव्हती आणि पैसा नव्हता, म्हणून तें वय उजाडलें.

पैशाचा उल्लेख आला तो येथेंच पुरा करूं, कारण चरित्रलेखक हा भाग बहुधा घाईनें उरकतात. अमुक मनुष्य 'स्वतःच्या बळावर' वर आला असें जेथें लिहिलेलें असेल, तेथें वाचकानें थांबून विचारावें : तो राहत कोठें होता? जेवत कोणाकडे होता? पुस्तकें कोणीं दिलीं? कर्व्यांच्या बाबतींत याचीं उत्तरें मिळतात. मुरूडास सोमण गुरुजींसारखा शिक्षक होता. तो मुलांस केवळ धडे देऊन थांबत नसे, तर देवळांत गांवकऱ्यांपुढें वर्तमानपत्र वाचावयास लावी. मुंबईस रॉबर्ट मनी ही मिशनची शाळा होती. तींतून ते मॅट्रिक झाले. त्याच शाळेंत नरहरपंत जोशी हा सोबती भेटला, आणि पुढें मुंबईंत दोघांनीं एकत्र बिऱ्हाड केलें. शिकवण्या मिळत होत्या, त्यांवर खर्च चाले. हें सारें वजा केलें तर कर्व्यांच्या निश्चयाचें काय झालें असतें, तें सांगवत नाहीं. तेव्हां ज्या मुलास कर्व्यांचा निश्चय उचलावयाचा आहे त्यानें आपल्या गांवीं सोमण गुरुजी कोण, बिऱ्हाडाचा भागीदार कोण, याचाही शोध करावा. आणि ज्या पालकांस मुलानें 'निश्चयी' व्हावें असें वाटतें त्यांनीं त्याच्या खोलीच्या भाड्याचा विचार आधीं करावा.

येथपर्यंत एका चरित्राविषयीं झालें. परंतु कर्व्यांचा मार्ग बदलला कसा हें समजावयास त्यांच्या चरित्राबाहेर जावें लागतें, आणि तेथें जी हकीकत सांपडते ती आमच्या विषयाचें मर्म आहे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल थोड्याच दिवसांत गेलें, आणि स्त्रियांस स्त्री-वैद्य पाहिजे हा विचार त्यांच्या मनानें घेतला. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांत होते. कोल्हापुरास असतांना त्यांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र अमेरिकेंतील एका नियतकालिकांत छापलें गेलें. न्यूजर्सी प्रांतांत राहणाऱ्या कार्पेंटरबाई दांतांच्या डॉक्टराकडे वाट पाहत बसल्या असतां त्यांनीं तें सहज वाचलें, आणि त्यांस या अनोळखी मुलीस लिहावेंसें वाटलें. दंतवैद्याच्या खोलींतील जुना अंक! पुढें १८८३ सालीं आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजानें निघाल्या व त्यांच्याकडेच उतरल्या. १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाची पदवी त्यांनीं मिळविली. कोल्हापूरच्या इस्पितळांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण ती जागा हातीं घेण्यापूर्वींच १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. वय पुरें बावीसही नव्हतें.

शेवटच्या स्टेशनाकडे पाहणारा म्हणेल, येथें सारें संपलें. एकही रोगी तपासला न जातां सारे श्रम वायां गेले. पण थोडें थांबावें. त्या पदवीदानाच्या समारंभास एक पाहुणी इंग्लंडाहून मुद्दाम आली होती. ती पंडिता रमाबाई. रमाबाईही वैद्यक शिकावयाच्या हेतूनेंच इंग्लंडास गेल्या होत्या; परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो बेत सोडावा लागला. आपण जें होऊं शकलों नाहीं तें दुसरी झाली, आणि तिच्या समारंभास आपण टाळ्या वाजवावयास जावयाचें, असा हा प्रसंग. पुष्कळ माणसें अशा वेळीं कांहीं निमित्त काढून घरीं बसतात. रमाबाई गेल्या. अमेरिकेंत थोडे दिवस राहावयाचें होतें, तेथें दोन वर्षांहून अधिक राहिल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धति शिकल्या, हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, मदत गोळा केली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस 'शारदासदन' उघडलें. डॉक्टर होण्याचा विचार त्यांनीं पुन्हां केला नाहीं. आनंदीबाईंपासून त्यांनीं घेतलें तें वैद्यक नव्हतें. अमेरिकेंतील लोक एका परक्या मुलीच्या पाठीशीं उभे राहूं शकतात, हें ज्ञान घेतलें. त्याचा उपयोग मात्र आपल्या गुणांस अनुसरून केला.

शारदासदनांत पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून जी आली ती गोदूबाई, उपर्युक्त नरहरपंत जोश्यांची बहीण. १८९१ सालीं कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. पुनर्विवाहच करावयाचा तर विधवेशीं, असें त्यांनीं ठरविलें, आणि १८९३ च्या मार्चांत गोदूबाईंशीं त्यांचा विवाह झाला. मुरूडच्या गांवकऱ्यांनीं त्यांस वाळींत टाकलें. मुलगा घरीं आला असतां आईस त्याच्याशीं उघड वागणें कठीण झालें. या विवाहानें कर्व्यांच्या घरांत जी स्त्री आली ती शारदासदनांत शिकलेली होती. शिकलेल्या विधवेचें आयुष्य कसें पालटतें हें त्यांस पुस्तकांत वाचावें लागलें नाहीं. तें त्यांच्या स्वयंपाकघरांत दिसत होतें.

त्यांचा पहिला बेत मात्र निराळाच होता. १८९३ च्या अखेरीस त्यांनीं मंडळी काढली ती विधवाविवाहास उत्तेजन देण्यासाठीं. दोन वर्षांत त्या मंडळीचें नांवच बदलावें लागलें. 'उत्तेजक' हा शब्द जाऊन 'प्रतिबंध-निवारक' हा आला. शब्दाचा हा बदल आम्हांस फार बोलका वाटतो. विवाह लावून देणें एकट्यादुकट्याचें होतें. पण ज्यांस पुनर्विवाह करावयाचा नाहीं किंवा करतां येत नाहीं अशा शेंकडों विधवांचें काय? त्यांस स्वतःच्या पायांवर उभें करावयाचें तर शिक्षण पाहिजे, आणि शिक्षणासाठीं राहावयास घर पाहिजे. नमुना डोळ्यांपुढें होता, शारदासदनाचा. परंतु त्याच सुमारास धर्मांतराच्या प्रश्नावरून सदनाविषयीं पुण्यांत मोठा वाद माजला होता, आणि १८९३ सालीं बऱ्याच पालकांनीं आपल्या मुली तेथून काढून नेल्या होत्या. कर्व्यांच्या मनांत रमाबाईंविषयीं आदर होता. तो त्यांनीं कधीं लपविला नाहीं. तरीही त्यांनीं हिशेब असा केला कीं, जुन्या वळणाचे बाप आपल्या मुलींस ज्या घरीं निर्धास्तपणें पाठवतील असें घर निराळें हवें. १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम निघाला. १९०० सालीं तो पुण्यापासून कांहीं मैलांवर हिंगण्याच्या माळावर एका झोंपडींत गेला, आणि कॉलेजांतलें गणित संपवून कर्वे सामान हातांत घेऊन तेथवर पायीं जात-येत असत. साताऱ्याच्या वाटेवर झालेला पायांचा अभ्यास असा उपयोगी पडला!

१९१५ सालची गोष्ट तर याहून मौजेची आहे. जपानांत तोकियो येथें नारुसे जिंझो यांनीं १९०१ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें होतें. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका काशीच्या एका गृहस्थांनीं कर्व्यांस पाठविली. त्यांनीं ती चाळली आणि बाजूस ठेवून दिली. पुढें त्या वर्षीं मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, भाषणास विषय पाहिजे होता, आणि ती पुस्तिका पुन्हां हातीं आली. या खेपेस ती त्यांच्या डोक्यांत शिरली. अक्षरें तींच होतीं. वाचणारा मध्यंतरीं बदलला होता. आमच्या विद्यार्थ्यांस चौथ्या इयत्तेंत वाचलेलें चरित्र दहावींत पुन्हां वाचावयास आम्ही सांगतों तें याचसाठीं. १९१६ सालीं विद्यापीठ सुरू झालें तेव्हां विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्रींचें नांव, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, संस्थेस मिळालें. आज तेंच विद्यापीठ मुंबईस आहे. जपानची कल्पना घेतांना कर्व्यांनीं तींत आपल्याकडील प्रश्न घातला. येथील मुलींस इंग्रजींतून सारे विषय घोकण्यांत वर्षें घालवावीं लागत. म्हणून शिक्षण मातृभाषेंतून आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय, अशी योजना त्यांनीं केली.

येथें आम्हांस एक मतभेदही नमूद केला पाहिजे. स्त्रियांचें कार्यक्षेत्र मुख्यतः घर, म्हणून त्यांचा अभ्यासक्रम पुरुषांहून भिन्न असावा, हा जो विचार त्या विद्यापीठाच्या मुळाशीं होता तो आज आम्हांस पटत नाहीं. त्या काळींही कित्येकांस पटला नव्हता. ज्या देशांत आनंदीबाई डॉक्टर होऊन गेल्या त्या देशांत मुलींसाठीं गणिताचा सोपा मार्ग कशास हवा? परंतु थोर पुरुषाचें सर्वच्या सर्व घ्यावें किंवा सर्वच्या सर्व टाकावें, अशी सक्ती कोणीं केली आहे? बाजारांतून भाजी आणतांना आपण निवडून घेतों. चरित्राच्या बाबतींत मात्र टोपलीच उचलून आणतों.

कर्व्यांच्या स्वतःच्या घरांत काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. त्यांस चार पुत्र. थोरले रघुनाथ हे गणित शिकवीत, पण पुढें संततिनियमनाच्या प्रचारास वाहून घेऊन त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक १९२७ पासून मरेपर्यंत चालविलें. शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेंत गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक व फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. हिंगण्याच्या संस्थेचें काम धरलें तें भास्करानीं. आणि मातुल घराण्यांतील रघुनाथ परांजपे, ज्यांच्या शिक्षणास कर्व्यांचा आधार होता, ते १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले व परत येऊन अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्यें शिकवूं लागले. एकाच माणसाचें आयुष्य रोज जवळून पाहणारांच्या वाटा इतक्या भिन्न! बापानें आपला सांचा कोणावर दाबला असता तर यांतले किती जण उरले असते, याचा विचार पालकांनीं करावा.

कोणी म्हणेल, कर्वे-रमाबाई आमच्या गांवांत कोठून आणावयाच्या? त्याची जरूर नाहीं. मोठ्यांचीं चरित्रें वाचून जी दृष्टि येते तिचा उपयोग जवळच्या माणसांवर करावा. एस. टी.चा कंडक्टर, दवाखान्यांतील नर्स, वीज मंडळाचा वायरमन, छापखान्याचा मालक, दुकानांत कपडे शिवणारी बाई, बँकेंतील शिपाई, यांपैकीं प्रत्येकापाशीं एक न छापलेलें आत्मवृत्त असतें. विचारणारा मात्र कोणी भेटत नाहीं. सुटीच्या दिवशीं वही घेऊन जावें, कामाची गर्दी नसेल अशी वेळ पाहावी, व नम्रपणें विचारावें : आमच्या वयाचे होतां तेव्हां तुमच्या मनांत काय होण्याचें होतें? तें कोणत्या वर्षीं सुटलें, आणि कां? त्या वेळीं कोणीं पैसे दिले, कोणीं राहावयास जागा दिली? या कामांत सर्वांत कंटाळवाणें काय आहे? आणि हें विचारावयास विसरूं नये : तुमच्याबरोबर याच वाटेनें निघालेले बाकीचे आज कोठें आहेत? मोटारवाल्या शेजाऱ्यासही हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारावा. तो प्रामाणिक असेल तर बरेंच सांगेल, आणि त्यांतून त्या वाटेची खरी रुंदी कळेल.

मुलांनीं हे प्रश्न घरींही विचारावे. आमचा अनुभव असा आहे कीं, वडील आपलें यश सांगतात, आई आपले कष्ट सांगते; पण मनांत धरून सोडून दिलेली इच्छा दोघांपैकीं कोणीच सांगत नाहीं. मुलांपुढें आपली निराशा उघडी करणें अनेकांस कमीपणाचें वाटतें. आमची पालकांस आग्रहाची विनंती आहे कीं, ही गोष्ट त्यांनीं झांकून ठेवूं नये. वडिलांस चित्रकार व्हावयाचें होतें व घरच्या जबाबदारीमुळें त्यांनीं कचेरींत नोकरी धरली, हें मुलास कळलें तर तो चित्रकार होईलच असें नाहीं. पण 'डॉक्टरच हो' या आग्रहाच्या मागें काय आहे हें त्याला उमगेल, आणि आपली इच्छा कोणती व वडिलांची कोणती, हा निवाडा करणें सोपें जाईल. मुलींच्या बाबतींत तर हें अधिकच अगत्याचें आहे. कित्येक घरांत मुलाला 'पुढें काय' म्हणून विचारतात आणि त्याच बैठकींत बसलेल्या मुलीस चहा आणावयास पाठवितात.

असें चारपांच जणांचें ऐकून झालें म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावर आपल्याविषयीं लिहावें. मात्र 'मी अमुक होणार' असें नव्हे. मला काय करीत बसलें असतां वेळ जड जात नाहीं, घरून किती वर्षें आधार मिळण्याजोगा आहे, कोणता कंटाळा मला सोसेल, एवढें पुरे. आणि त्याखालीं तारीख घालावी. दुसऱ्या वर्षीं तें पान काढून पाहावें. बदललें असेल तर लाज वाटूं देऊं नये. कर्व्यांच्या मंडळीचें नांव दोन वर्षांत बदललें होतें.

आतां या सांखळींतील राहिलेली एक कडी. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले या कोंकणांतील देवरुखच्या. विसाव्या वर्षीं वैधव्य आलें. पदरीं एक मुलगा. बहिणीच्या आश्रयानें पुण्यास आल्या आणि ज्या वयांत मुलाला शाळेंत घालावयाचें त्या वयांत स्वतः शिकावयास बसल्या. बहिणीचें आयुष्य त्यांच्या डोळ्यांसमोर होतें. तरी तिच्याप्रमाणें पुनर्विवाह त्यांनीं केला नाहीं. कर्व्यांचें आयुष्यही समोर होतें. तरी कर्व्यांप्रमाणें संस्था काढण्याच्या भरीस त्या पडल्या नाहींत. आश्रमाला ज्या गोष्टीची सदा टंचाई असे ती म्हणजे पैसा, आणि चार अनोळखी माणसांपुढें उभें राहून बोलण्याचें धैर्य आपल्यापाशीं आहे, हें त्यांनीं ओळखलें. गांवोगांव हिंडून त्यांनीं वर्गणी जमविली. इंग्रजी येत नव्हतें, त्याची उणीव भासूं लागली, तेव्हां १९१८ सालीं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथें लोकांच्या घरीं मोलकरणीचें काम करीत भाषा शिकल्या, आश्रमासाठीं मदत मागितली, आणि १९२० सालीं परत आल्या. त्यांची हकीकत 'माझी कहाणी' या नांवानें १९२८ सालीं प्रसिद्ध झाली. रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें. पुस्तक लहान आहे; एका सुटींत वाचून होतें. वाचतांना वयें लिहावयास कागद जवळ असूं द्यावा.